गोल कोपऱ्यांचा दावा

अमेरिकेची एक आणि कोरियाची एक, अशा त्या दोन मोठ्या फोन कंपन्यांनी वर्षानुवर्षं भांडून शेवटी आपसात तडजोड केली, त्या दिवशी आमचे सर कोर्टात आले नाहीत. भद्रावतीच्या बार रूममध्ये आधी सगळ्यांना वाटलं, प्रकृती बिघडली असेल. मग कुणीतरी येऊन सांगितलं की सर ओसरीवर एकटेच बसून आहेत आणि कोणाशी बोलत नाहीत. तेव्हा दोन ज्येष्ठ वकील कोट काढून ठेवून, चेहरे पाडून, रीतसर भेटायला गेले. ते लवकरच परतले.

"गेलं कोनीच नाई," त्यातल्या एकानं कोट चढवत सांगितलं. "समझोता झाला म्हनते."

"कोनाचा?"

"फोनवाल्यायचा."

मी सरांची ज्युनियर. त्या दिवशी आमच्या तारखा मलाच पुढे ढकलून घ्याव्या लागल्या. न्यायाधीशांनी कारण विचारलं. मी म्हटलं, घरगुती अडचण. ते खोटं नव्हतं. सरांच्या घरात त्या खटल्याइतकं जुनं आणि रोजच्या बोलण्यातलं दुसरं काहीच नव्हतं.

मी मूळची घुग्घुसची. वडील कोळसा खाणीत होते. वकिलीची परीक्षा पास झाल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं मी सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी माझे मार्क विचारले नाहीत. टेबलावर साबणाच्या दोन वड्या ठेवल्या. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन्हीचे कोपरे गोल.

"यातला चोर कोन?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "आधी कोणता निघाला ते सांगा, मग सांगते."

"उद्यापासून या, बाई," सर म्हणाले आणि दोन्ही वड्या मोरीत नेऊन ठेवल्या.

सर हडकुळे होते. कोट कायम खांद्यावरून घसरायचा. भद्रावतीच्या उन्हाळ्यात वकिलाचा काळा कोट म्हणजे शिक्षाच. सरांनी त्यावर उपाय काढला होता. ऑफिसात टेबलाखाली पाण्याची बादली, बादलीत पाय. पक्षकाराला समोरून कोट, पांढरी कॉलर आणि गंभीर चेहरा दिसे. कोणी मोठा माणूस आला की सर आदरानं उठून दारापर्यंत जात, आणि फरशीवर ओल्या पावलांची रांग उमटे. लोक ती पाहत आणि काही बोलत नसत. वकील चांगला असला की गाव बरंच काही चालवून घेतं.

आमच्याकडे येणारं काम साधं होतं. बांध कोरला, वाटणीत विहीर दिली नाही, चेक वटला नाही. ते सर नीट करत. पण त्यांचा जीव त्या फोनच्या खटल्यात. त्यातले निकाल ते झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणत, लाल-निळ्या पेन्सिलीनं रेघा मारत आणि कोर्ट सुटल्यावर चहाच्या टपरीवर बसून सांगत. फोनचे कोपरे गोल कोणी केले, पडद्यावर चौकोनी चित्रांच्या ओळी आधी कोणी मांडल्या, शेवटाला पोचल्यावर पडदा रबरासारखा मागे येतो ती युक्ती कोणाची. टपरीवर ट्रकवाले असत, खाणीतून सुटलेले असत, सोयाबीन विकून आलेले शेतकरी असत. बहुतेकांच्या खिशात त्या दोघांपैकी एकाचाही फोन नव्हता. तरी चहावाला ग्लास विसळता विसळता विचारी, "भाऊ, आज कोन पुढे हाय?"

"आज अमेरिकावाला. पन अपील हाय."

"अपील असतेच," एखादा शेतकरी म्हणे. त्याचं स्वतःचं प्रकरण नागपुरात पडून असे.

नुकसानभरपाईचा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा सरांनी टपरीवर तो असा मांडला: "समजा, तुमच्या वावरातलं वांगं मी चोरलं. त्याची भाजी केली, पंगत वाढली. आता तुमाले मी वांग्याचं देऊ, का भाजीचं, का अख्ख्या पंगतीचं?"

टपरीवर यावर दोन तट पडले. हमरीतुमरी झाली. एक जण पंगतीच्या बाजूनं इतका पेटला की त्याची बस सुटली.

सरांचा स्वतःचा फोन बटणांचा होता आणि त्याच्या पोटाला रबर गुंडाळलेलं होतं. मोठा फोन का घेत नाही, असं मी एकदा विचारलं.

"निकाल लागल्याशिवाय कोनाचा घेऊ?" सर म्हणाले. "चोरीचा माल घेतला तर?"

बोट सरकवून फोन उघडायची युक्ती आपली आहे, असा दावा अमेरिकेच्या कंपनीनं केला होता. हे कळल्यापासून सर घरी आलेल्या प्रत्येकाला आपल्या जुन्या दाराचा लाकडी अडसर दाखवत. तो सरकवत, दार उघडत, पुन्हा लावत. "माझ्या आज्यानं बसवला. त्यानं कोनावर दावा लावला नाई," एवढंच म्हणत. एकदा बांधाच्या दाव्यात त्यांनी कॅलिफोर्नियातल्या ज्युरीचा दाखला दिला. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, गट नंबर काय म्हणालात?"

"पहिले कोनं केलं ते सांगा, चांगलं कोनं केलं ते मंग पाहू," हे सरांचं ठरलेलं वाक्य होतं. ते कशालाही लावत. कोणाच्या घरची कढी चांगली झाली तरी.

ह्या वेडाचं मूळ मला पुष्कळ दिवस कळलं नव्हतं. ते सरांच्या अंगणापलीकडे होतं.

अंगणाच्या एका बाजूला सर राहत. बायको वारलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन सिरोंच्याला. दुसऱ्या बाजूला त्यांचा धाकटा भाऊ, आणि त्याच्या मागे पत्र्याची शेड. भाऊ कूलर बनवायचा. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय माणूस जगत नाही, आणि भद्रावतीत कूलर म्हटला की ह्या भावाचा. कारण त्याच्या कूलरचे कोपरे गोल असत. पत्रा तो जाड पाइपावर धरून असा वाकवी की कुठेही धार राहत नसे. लेकुरवाळी माणसं मुद्दाम त्याच्याकडे येत.

दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसत. कारण काय, तर कोण्या लग्नाच्या पंगतीत कोणीतरी धाकट्याला म्हणालं होतं, "कोपरे गोल करायची आयडिया मस्त काढली बा तुमी." तो म्हणाला, "मेहनत लागली, पन निंगाली डोक्यातून." समोरच्या ओळीत बसलेले सर पान तसंच ठेवून उठले. आयडिया त्यांची होती, असं त्यांचं म्हणणं. झालं. त्या दिवसापासून बोलणं बंद. जेवणाचा डबा मात्र सरांची बायको गेल्यापासून धाकट्याच्याच घरून येई.

"कोर्टात एकमेकाचे गळे धरतात," सर मला सांगत, "अन् फोनचा पडदा अमेरिकावाला त्या कोरियावाल्याकडूनच घेते. लाज नाई." हे सांगताना ते भावजयीनं पाठवलेली वडा-भाताची वाटी पुसून खात असत.

मग त्या समझोत्याच्या पुढच्या मार्चमध्ये धाकटा भाऊ आमच्या ऑफिसात आला. मागच्या दारानं नाही. पुढून आला, पक्षकारांच्या बाकावर बसला, आणि त्याच्या आधी आलेल्या दोन शेतकऱ्यांचं संपेपर्यंत थांबला. नंबर आल्यावर समोरच्या खुर्चीत बसला. सरांनी पेन उघडलं.

"नाव?"

भावानं नाव सांगितलं. सरांनी लिहून घेतलं.

"वडिलांचं नाव?"

भावानं पेनाकडे पाहिलं. "तुमचंच," म्हणाला.

सरांनी तेही लिहिलं. "धंदा?"

"कूलर."

"तक्रार काय आहे?"

भावानं खिशातून नोटीस काढली. नागपूरच्या एका मोठ्या कूलरवाल्याची होती. गोल कोपऱ्यांच्या कूलरचं डिझाइन आम्ही सरकारदरबारी नोंदवलं आहे, तुम्ही ते चोरलं आहे, ताबडतोब उत्पादन बंद करा आणि तयार माल नष्ट करा, असं त्यात होतं. शेडमध्ये सीझनचे कूलर छतापर्यंत रचलेले. चार घरं त्या शेडवर जगत होती. माल नष्ट करायचा म्हणजे त्या घरांचं वर्ष नष्ट करायचं.

सरांनी नोटीस एकदा वाचली. दुसऱ्यांदा वाचली. बादलीतलं पाणी हललं. आयुष्यभर ज्या खटल्याची ते वाट पाहत होते तो असा घरच्या अंगणातून चालत आला होता, आणि ते तोंडावरची सुरकुती हलू देत नव्हते.

"बाई," ते मला म्हणाले, "पक्षकाराले सांगा, घाबरू नका म्हनावं. डिझाइन नवं पाहिजे. बजारात आधीपासून असलं तर ती नोंदणी टिकत नाई. आपल्याले फक्त दाखवाचं आहे का हा माल पुराना आहे. पहिला गोल कोपऱ्याचा कूलर कुठी आहे?"

पक्षकार दोन हात अंतरावर बसला होता. तरी मी निरोप सांगितला.

"साहेबाले सांगा," भाऊ मला म्हणाला, "पहिला घरीच ठेवला होता, मंग त्यायच्याच पोरीले लग्नात देल्ला. सिरोंच्याले आहे."

म्हणून आम्ही तिघं सिरोंच्याला गेलो. एसटीनं चंद्रपूर, तिथून आल्लापल्ली, मग पुढचं जंगल. मोहाची फुलं वेचणारी माणसं, मध्येच पोलिसांची चौकी, पुन्हा साग. सर खिडकीपाशी, भाऊ मागच्या सीटवर, मी मध्ये कुठंतरी. "बाई, त्याले इचारा पानी पाहिजे का." "बाई, त्यायले सांगा मी पेलो." दुपारपर्यंत माझा घसा बसला. तेंदूच्या पानांचा व्यापारी शेजारी होता, त्यानं मला हळूच विचारलं, "ह्या दोघायले ऐकू येत नाई का?"

गोदावरीच्या काठाजवळ सरांच्या मुलीचं घर. सासरी तेलुगू बोलतात. तिची सासू मला "रा अम्मा, रा" म्हणत आत घेऊन गेली. सरांची मुलगी चाळिशीकडे आलेली, उंच, बोलायला फटकळ. कपाळावर केसांच्या कडेला जुनी खूण. वडील आणि काका एकाच वेळी एकाच दारात उभे पाहून तिनं आधी विचारलं, "कोन गेलं?"

"कोनी नाई," सर म्हणाले. "कूलर पाहाचा आहे."

कूलर मागच्या खोलीत होता. पंखा कधीच काढलेला, आणि पेटीत वाळलेल्या लाल मिरच्या गच्च भरलेल्या. भावानं झाकण उचललं आणि आम्ही सगळे अंगणात पळालो. शिंका थांबल्यावर त्यानं आत जाऊन तो कूलर चारी बाजूंनी हातानं चाचपला. पाइपावर पत्रा वाकवताना पडलेले हातोडीचे ठोके अजून दिसत होते. "पहिलाच आहे," तो म्हणाला. "पुढच्याले मी ठोके दिसू देल्ले नाई."

शेजारीपाजारी साक्ष द्यायला तयार होते. लग्नाच्या ट्रकमधून तो उतरवताना अर्ध्या गल्लीनं हात लावला होता. काम झालं होतं. पण सरांना राहवलं नाही. चहा घेताना त्यांनी मला सांगितलं, "बाई, नोटिशीच्या उत्तरात एक परिच्छेद पाहिजे. ही कल्पना मूळ कोनाची. पक्षकाराले इचारा, त्याचं म्हननं काय आहे."

"साहेबाले सांगा," भाऊ म्हणाला, "माझं म्हननं तेच आहे जे पंगतीत होतं."

मुलीनं कपबशी खाली ठेवली. "कायची कल्पना?"

"कोपरे गोल कराची," मी म्हटलं.

"ते तर आईनं सांगितलं होतं."

आत सासू तेलुगूत कोंबड्यांना हाकलत होती.

सर खुर्चीत सरळ झाले. त्यांनी कोट घातलेला नव्हता, पण खांदे मात्र कोट सावरावा तसे वर घेतले. त्यांनी आपल्या मुलीची उलटतपासणी सुरू केली.

"तू त्या वेळेस केवढी होती?"

"दुसऱ्या वर्गात. अंगणात पळापळी खेळत होती. काकानं बनवलेल्या चौकोनी कूलरवर आदळली. ही पाहा खूण."

"खूण मले माहीत आहे. तू कुठी होती जेव्हा तुही आई बोलली?"

"तिच्या मांडीवर. ती हळद दाबून राह्यली होती."

"तुले दिसत होतं कोन बोलून राह्यलं?"

"डोळ्यात रक्त होतं, बाबा. दिसन कसं? ऐकू येत होतं."

"शब्द काय होते? जसेच्या तसे सांग."

मुलीनं वडिलांकडे पाहिलं, मग काकाकडे. "म्हने, एक मोठा वकील, एक मोठा मिस्त्री, घरात दोन-दोन हुशार, अन् एका पत्र्याचा कोपरा वाकवता येत नाई? पोरगी आंधळी झाल्यावर वाकवान का?"

सरांनी पुढच्या प्रश्नासाठी बोट वर केलं आणि खाली घेतलं.

"मंग तुमी दोघंही गप बसले," मुलगी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी काका पाइप घेऊन बसला, अन् तुमी बाजूले खुर्ची टाकून त्याले सांगत होते, असा वाकव, तसा वाकव."

भाऊ म्हणाला, "वहिनीनं आमाले कधी टोकलं नाई. आमी इतके वर्स भांडून राह्यलो."

"मी म्हटलं होतं तिले, सांगून टाक. तर म्हने, सांगितलं तर दोघंही माह्याच डोक्शावर बसतीन. भांडू दे. त्यायले तेवढंच काम आहे."

"अन् तू काऊन नाई सांगितलं?" सरांनी विचारलं.

"मले कोनी इचारलं?"

सरांनी उलटतपासणी संपल्याचं सांगितलं नाही. ते उठून नदीकडे चालत गेले. थोड्या वेळानं भाऊही गेला, त्याच वाटेनं, पण जरा अंतर ठेवून. मी आणि मुलगी ओट्यावर बसून मिरच्या परत भरत राहिलो. पाण्याजवळ दोघं उभे दिसत होते. काय बोलत होते, बोलत होते की नाही, ते मला ठाऊक नाही. परत आले तेव्हा दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

येताना दोघं एका सीटवर बसले. माझं काम संपलं होतं, म्हणून मी डोळे मिटून घेतले. आल्लापल्लीच्या अलीकडे भांडणाच्या आवाजानं जाग आली. ते पुन्हा सुरू झाले होते.

"तो चौकोनी कूलर अंगनात मीच ठेवला होता," भाऊ म्हणत होता. "रंग वाळाले. चूक माही."

"तुही नाई. तू शेडमदे ठेवला होता. मी म्हटलं बाहीर काढ, शेडमदे वास येते. चूक माझी."

"भाऊ, मी काढला तो."

"माझ्या सांगन्यावरून काढला! सांगनारा जबाबदार असते. कायदा मले शिकवू नको."

चंद्रपूर येईपर्यंत निकाल लागला नाही.

त्या नोटिशीचं पुढे काहीच झालं नाही. आमचं उत्तर गेलं, सिरोंच्याच्या साक्षीदारांची नावं गेली, आणि नागपूरवाल्याकडून परत कधी एक अक्षर आलं नाही. शेडमधला माल मे संपायच्या आत उठला. पुढच्या वर्षी त्या नागपूरवाल्यानंच पत्रा सोडून प्लास्टिकचे कूलर काढले, आणि त्यांचे कोपरे कसे होते हे पाहायला आमच्याकडून कोणी गेलं नाही.

पण ते उत्तर लिहायचा दिवस सांगायचा राहिला. सर उत्तरं इंग्रजीत सांगत, मी टाइप करी. त्या दिवशी त्यांनी मराठीत सांगायला सुरुवात केली. भाऊ पक्षकारांच्या बाकावर नव्हता. टेबलाच्या आतल्या बाजूला, सरांच्या शेजारी स्टूल टाकून बसला होता. पहिले परिच्छेद भराभर झाले. मग सर म्हणाले, "लिहा, सदर कूलरचे कोपरे गोल करण्याची मूळ कल्पना..." आणि थांबले.

मी वाट पाहिली.

"लिवा ना, भाऊ," धाकटा म्हणाला.

सरांनी बायकोचं पूर्ण नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. सगळे तिला वकीलबाई म्हणत, घरी वहिनी. नावाआधी मी रीतीप्रमाणे 'कै.' टाइप केलं आणि कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी तो परिच्छेद वाचला. लाल-निळी पेन्सिल घेतली आणि 'कै.' खोडलं.

मी म्हटलं, "सर, पण त्या..."

"मले माहीत आहे," सर म्हणाले. "नागपूरवाल्याले काऊन सांगता? त्याले वाटू द्या, इथी बसून आहे. उद्या तिले साक्षीले बोलावाची त्याची हिंमत आहे का पाहू."

"नाई होनार," भाऊ म्हणाला. "आपलीच कुठी होती?"

सरांनी मान हलवली, आणि मला तो कागद पुन्हा नीट टाइप करायला सांगितलं.